वत्सगुल्माच्या मुलखातील हळद

वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवरील वाशीम जिल्ह्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टी वळते, ती सामान्यतः तेथे नांदलेल्या राजवंशासाठी, तेथील देवालयांसाठी आणि कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांसाठी. शेतमालासाठी ती कधी वळलीच, तर कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडचे सोयाबीन यांच्यापलीकडे सहसा जात नाही. रिसोड आणि मालेगाव या तालुक्यांत मात्र फाल्गुनाच्या सुमारास जो वाटसरू जाईल, त्याला बांधाबांधावर वाफाळणारी पातेली, ताडपत्रीवर पसरलेली हळकुंडे आणि त्यांच्या उग्र, मातकट वासाने भरलेली हवा आढळल्याशिवाय राहणार नाही. लग्नाच्या मांडवात, देवाच्या भंडाऱ्यात, फोडणीत आणि जखमेवर ज्या वनस्पतीचा या मुलखाने पिढ्यान्पिढ्या उपयोग केला, आणि प्रमेहावरील, म्हणजे मधुमेहाच्या जातीच्या रोगांवरील, औषधांत जिला जुन्या वैद्यांनी मानाचे स्थान दिले, ती येथील वावरात पिकाच्या योग्यतेने उभी राहिली ती मात्र आपल्या डोळ्यांदेखत. येथे हळदीचा आचार जुना आहे आणि हळदीचे पीक नवे आहे. या अंतराचा इतिहास पाहिला म्हणजे, आज तिच्या रक्तशर्करा उतरवण्याच्या गुणाविषयी जे बोलले जाते त्यातील खरे किती आणि बाजारी किती, हे ठरवण्याचे एक मापही हाती येते.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा प्राकृतातील 'हरिविजय' काव्याचा कर्ता म्हणून पुढील आलंकारिकांना ठाऊक होता. त्याचा पुत्र विंध्यशक्ती दुसरा याचा एक ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथे उजेडात आला. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात अशी त्याची द्विभाषी घडण असून, राज्यकालाच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले गाव नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गावर असल्याचे त्यात नमूद आहे. ही नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आज वाशीम विदर्भात आणि हिंगोली-नांदेड मराठवाड्यात मोडतात, व दोहोंमधून पैनगंगा वाहते. परंतु चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात या नदीच्या दोन्ही तीरांवर एकच सत्ता नांदत होती, आणि वाशीमहून दक्षिणेकडे उतरणारी वाट ही राज्याच्या अंगणातील वाट होती. पुढे दीड हजारांहून अधिक वर्षांनी हळदीचे पीक उत्तरेकडे चढले ते याच वाटेने.

वाकाटकांचा अस्त झाल्यानंतर फार काळ लोटला नाही तोच वाग्भटाने 'अष्टांगहृदय' रचले. त्याच्या उत्तरस्थानाच्या अखेरच्या अध्यायात निरनिराळ्या रोगांवरील श्रेष्ठ द्रव्यांची एक यादी आहे, आणि तीत प्रमेहावर आवळा आणि हळद या जोडीची योजना केली आहे. आजही 'निशा-आमलकी' या नावाने वैद्य जे चूर्ण देतात त्याचे मूळ येथे आहे. हळदीचे माहात्म्य सांगणारी आजची मंडळी या एका ओळीपाशी थांबतात. तो रोग आणि त्याची चिकित्सा यांचे जे समग्र दर्शन जुन्या ग्रंथांत आहे त्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत : एक जन्माबरोबर आलेला, ज्यातील रोगी कृश असतो, आणि दुसरा अपथ्यातून उद्भवलेला, ज्यातील रोगी स्थूल, बहुभक्षी आणि आसनप्रिय असतो. पहिल्याचे पोषण करावे आणि दुसऱ्याला झिजवावे, असा त्याचा दंडक. ज्याच्यापाशी धन नाही आणि आप्त नाहीत, अशा रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत आणि एका गावी एकाहून अधिक रात्र न काढता शंभर योजने चालावे, गाईंच्या मागे हिंडावे, किंवा विहीर खणावी, असे तो सांगतो. येथे कुदळ हेच औषध आहे. हळद, आवळा, मध, जव ही सारी त्या श्रमाच्या मागून येणारी सामग्री आहे. आधुनिक वैद्यकाने मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार मानले त्यांच्याशी सुश्रुताचे विभाजन अक्षरशः जुळते असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु दोन देहप्रकृतींना दोन भिन्न उपचार हवेत, ही सूक्ष्म दृष्टी त्यात निःसंशय आहे.

मध्ययुगात या प्रदेशाची गणना वऱ्हाड सुभ्यातील बाशीम, म्हणजे वाशीम, सरकारात होत असे. 'ऐन-इ-अकबरी'त त्या सरकाराचा निर्देश आहे, आणि त्याच ग्रंथातील जिनसांच्या भावांच्या यादीत मिरी, लवंग, जिरे, धणे यांच्या पंक्तीला हळदही बसलेली आहे. जिल्ह्यातील मोठी पेठ त्या काळी बाशीमपेक्षाही कारंज्याची. सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर, १६७० च्या अखेरीस, मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात शिरल्या त्या कारंज्यावर चालून गेल्या, यावरूनच त्या गावच्या सावकारीची आणि वखारींची कल्पना यावी. बाशीमची ख्याती कापडाची : १७६९ मध्ये माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरला जो तह झाला, त्यात भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल बाशीम आणि बाळापूर येथे विणलेले कापड पुरवावे असे एक कलम होते. वऱ्हाडात त्या वेळी निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअमली कारभार होता. एकाच रयतेकडून दोन सरकारांचे अंमलदार वसुली नेत, आणि जकातीच्या चौक्यांवर मालाला दोनदा थांबावे लागे. अशा मुलखात विहिरीवर नऊ महिने पाणी पाजून हळदीसारखे दीर्घ मुदतीचे पीक काढणे हे जोखमीचेच होते. घरापुरता वाफा माळ्याच्या मळ्यात असे. बाकीची गरज पेठेतून भागे, आणि पेठेत माल येई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. मीठ, धान्य आणि किराणा वाहणाऱ्या या बंजारा तांड्यांच्या वाटा आज बुजल्या असल्या, तरी मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्या समाजाचे प्रमुख तीर्थक्षेत्र या जिल्ह्यात असणे, हा त्या वाहतुकीच्या युगाचाच वारसा आहे.

त्या काळी हळदीचा मोठा खप औषधात नव्हताच. तो रंगात आणि संस्कारात होता. नवरा-नवरीला लावायची हळद, सुवासिनींची ओटी, खंडोबाचा भंडारा, आणि या सर्वांहून रसायनशास्त्राला अधिक जवळची वस्तू म्हणजे कुंकू. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचेच होई. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून मुरवीत, रोज हलवीत, आणि रस पुरता आटून ते आतपर्यंत लाल झाले की सावलीत वाळवून दळीत. पिवळ्या कंदातून तांबडी भुकटी निघते, याचे कारण हळदीतील रंजकद्रव्याची टाकणखारातील बोरॉनशी आम्लाच्या सान्निध्यात होणारी क्रिया होय. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखण्यासाठी वापरतात तो हळदीचा कागद याच तत्त्वावर चालतो. जे युरोपातील रसायनज्ञांनी परीक्षानळीत पाहिले ते आमच्या कुंकूवाल्यांनी परातीत करून दाखवले होते. त्यांना त्याचे सूत्र ठाऊक नव्हते एवढेच.

१८५३ च्या तहनाम्याने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला, आणि पैनगंगा ही दोन राज्यपद्धतींमधील सरहद्द होऊन बसली. उत्तरेस इंग्रजी जमाबंदी, दक्षिणेस निजामाचा अंमल आणि हिंगोलीची छावणी. इंग्रजी अमलात बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता; बाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांची कापसाची आवक तुटली, त्याच सुमारास लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला, आणि काळ्या जमिनीतील प्रत्येक तास कापसाच्या भावाशी बांधला गेला. वऱ्हाडात ओलिताची जमीन मुळातच अत्यल्प. कोरडवाहू कापूस असा भरभरून पैसा देत असता विहीर खणून मसाल्याचे पीक काढण्याची बुद्धी कुणाला होणार? पुढे १९०५ मध्ये बाशीम जिल्हा मोडून पुसद यवतमाळकडे आणि उरलेले दोन तालुके अकोल्याकडे गेले, आणि वत्सगुल्म ही जुनी राजधानी सुमारे नव्वद वर्षे एका तालुक्याचे ठिकाण म्हणून राहिली.

या अवधीत महाराष्ट्रातील हळदीचा इतिहास अन्यत्र घडत होता. कृष्णाकाठी सांगली ही हळदीची सर्वांत मोठी पेठ झाली, आणि तिच्या शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवण्याची अद्भुत व्यवस्था उभी राहिली. तेथील घट्ट मातीत खणलेली ही पेवे कीड आणि दमट हवा यांपासून मालाचे रक्षण करीत, आणि भाव चढेपर्यंत सावकाराला वाट पाहू देत. विदर्भात वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगाव या गावाने आपले जुने वाण जतन केले, आणि त्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सांगलीला ते २०१८ मध्ये मिळाले. वाशीमचे नाव या यादीत नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते.

ते कारण निर्माण केले पाण्याने. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सोयाबीनने कापसाची जागा घेतली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पैनगंगेवर बंधारे आले, विहिरींची आणि वीजपंपांची संख्या वाढली, ठिबकाच्या नळ्या सरीवरंब्यांवर पसरल्या, आणि सोयाबीनच्या पडत्या भावाने गांजलेला शेतकरी नदीपलीकडे पाहू लागला. पलीकडे वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत हळद रुजली होती, आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात तिचा लिलाव दूरदूरच्या व्यापाऱ्यांना खेचून आणीत होता. सोयरिकी नदीच्या दोन्ही बाजूंना. तेव्हा पहिले बेणे पाहुण्याच्या वावरातून पाहुण्याच्या वावरात आले, यात नवल नाही. अशा रीतीने रिसोड आणि मालेगाव तालुक्यांत हळदीचा शिरकाव झाला, आणि पाहता पाहता जिल्ह्यातील बाजार समित्यांतही हळकुंडांचे ढीग लागू लागले. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले. वसमत, हिंगोली, नांदेड आणि निजामाबाद हा सारा पट्टा पूर्वीच्या निजामी मुलखाचा. वाशीम हे त्याचे उत्तर टोक. ताम्रपटातील नांदीकटाचा मार्ग असा हळदीने पुन्हा वाहता झाला.

या पिकाचे कष्ट जवळून पाहण्यासारखे आहेत. अक्षय्य तृतीयेनंतर, वैशाखाच्या उन्हात, गादीवाफ्यांवर गड्डे बेणे म्हणून लागतात. हेक्टरी सुमारे पंचवीस क्विंटल बेणे खर्ची पडते, म्हणजे पिकाचा पहिला पैसा मातीत गाडूनच आरंभ होतो. मृगाचा पाऊस, श्रावणाची झड, कंदकुज, करपा, भर लावणे, आणि पाऊस उघडल्यावर थेट माघापर्यंत पाणी. पाने पिवळी पडून लोळू लागली की पाला कापतात, जमीन काही दिवस तापू देतात, आणि मग खणणी. जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी, अशी मोडणी बायकांच्या हातांनी होते, आणि ते हात पुढे आठवडाभर पिवळे राहतात. पूर्वी लोखंडी काहिलीत पाणी आणि हळकुंडे घालून, वरून पाल्याचा थर आणि गोणपाट दाबून ती शिजवीत. आता वाफेचे कुकर ट्रॅक्टरमागून गावोगाव फिरतात. फेस येऊन विशिष्ट वास सुटला आणि गवताची काडी हळकुंडात विनासायास घुसली म्हणजे हळद शिजली. कमी शिजली तर गाभा फिका राहतो, अधिक शिजली तर रंग मळतो. मग दहा-पंधरा दिवसांचे ऊन, आणि शेवटी ढोलात घालून पॉलिश. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून सुमारे वीस किलो होते. उकळण्याने कंदातील पिष्ट शिजून घट्ट बसते आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. तो रंग म्हणजेच ज्याच्यासाठी जगातील प्रयोगशाळा गेली दोनशे वर्षे हळदीमागे लागल्या आहेत ते द्रव्य.

त्या द्रव्याला कर्क्युमिन हे नाव मिळाले १८१५ मध्ये, जेव्हा व्होगेल आणि पेल्टिए या दोघांनी हळदीतून ते प्रथम अलग केले. त्याची रेण्वीय रचना निश्चित व्हायला १९१० उजाडले, आणि कृत्रिम रीतीने ते घडवण्यात १९१३ मध्ये यश आले. चांगल्या हळदीत हे द्रव्य आणि त्याची भावंडे मिळून सामान्यतः दोन ते पाच टक्के असतात. भारतात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये त्याच्या दाहशामक गुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९८६ मध्ये डॉ. सातोसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या दाहावर रुग्णांमध्ये त्याची परीक्षा केली. ऑक्सिडीकरणाला आवर घालण्याचा त्याचा गुण १९७६ च्या एका शोधनिबंधापासून चर्चेत आला. शरीरातील चयापचयात जे चंचल, अर्धवट रेणू उत्पन्न होऊन पेशींच्या पटलांवर आघात करतात, त्यांना कर्क्युमिनच्या रेणूवरील फिनॉल-गट आपला हायड्रोजन देऊन शांत करतात. परीक्षानळीत ही क्रिया सहज दिसते. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर असे रेणू अधिक निर्माण करते आणि त्यांचा उपद्रव डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडाला आणि मज्जातंतूंना होतो. म्हणून हळद मधुमेहाला दुहेरी हितकर, असा तर्क मांडला गेला.

तर्क सुंदर आहे. परंतु परीक्षानळी म्हणजे देह नव्हे. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याला यकृत तत्काळ अन्य द्रव्यांशी जोडून बाहेरची वाट दाखवते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की मिरीतील पायपरिन बरोबर दिले असता माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीसपट वाढते. पण शून्यप्राय राशीची वीसपटही लहानच असते. आणि ऑक्सिडीकरण रोखणारे प्रत्येक द्रव्य देहाला हितकरच ठरेल, या समजुतीला फिनलंडमधील प्रयोगाने १९९४ मध्येच मोठा तडा दिला होता : सुमारे एकोणतीस हजार धूम्रपानी पुरुषांवर केलेल्या त्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला आढळला.

रक्तशर्करेविषयीचा सर्वांत गाजलेला प्रयोग थायलंडमधला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २४० जणांचे दोन गट करून एकाला नऊ महिने कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणि दुसऱ्याला नुसत्या निष्क्रिय कॅप्सूल दिल्या. निष्क्रिय गटातील १६.४ टक्के लोकांना मधुमेह जडला आणि कर्क्युमिन-गटातील एकालाही नाही, असे संशोधकांनी नोंदवले. निकाल इतका निखालस निघाला म्हणजे विवेकी वाचकाने हर्षभरित होण्यापूर्वी सावध व्हावे. असा निकाल अन्य देशांत, अन्य हातांनी, तितक्याच स्पष्टपणे पुन्हा निघाल्यावाचून त्यावर उपचाराची इमारत उभारता येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील काही औषधी-रसायनज्ञांनी कर्क्युमिनवरील साऱ्या संशोधनाचा कठोर परामर्श घेतला, आणि हा रेणू अस्थिर आहे, अनेक चाचण्यांत खोटा होकार देणारा आहे, आणि औषध म्हणून आपली योग्यता त्याने अद्याप सिद्ध केलेली नाही, असा निष्कर्ष काढला.

येथे थोडे अंकगणित उपयोगी पडेल. थायलंडच्या प्रयोगात रोज दीड ग्रॅम कर्क्युमिन दिले जात होते. हळदीत ते तीन टक्के धरले, तर तेवढ्यासाठी रोज पन्नास ग्रॅम हळदीची भुकटी पोटात जायला हवी. आमच्या घरी चार माणसांच्या वरणात पडते ती अर्धा चमचा. तेव्हा फोडणीतील हळदीने साखर उतरते, हे बोलणे प्रयोगाच्या आधाराचे नव्हे; आणि कॅप्सूलमधील सघन अर्काला स्वयंपाकघराच्या परंपरेची साक्ष लागू पडत नाही, कारण परंपरेने असा अर्क कधी घेतलाच नव्हता. उलट, अशा सघन अर्काने क्वचित यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी किंवा साखर उतरवणारी औषधे चालू असताना वैद्याच्या सल्ल्यावाचून तो घेणे अविचाराचे आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक त्याच्या वाटेवर आहेत. एवढ्या मोठ्या जनसमूहाला गोळी सोडून हळदीचे पाणी घ्यावयास सांगणे हा उपकार नव्हे.

याचा अर्थ जुना अनुभव टाकाऊ आहे असा मात्र नाही, हे एका प्रसिद्ध वादाने सिद्ध केले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट-कचेरीने जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकाधिकार बहाल केला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक, गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते दावे रद्द ठरले. मराठीत हा वाद हळदीघाटची लढाई या नावाने गाजला. परंतु ती जिंकली गेली ती भावनेच्या बळावर नव्हे. प्रत्येक घरातील आजीला हे ठाऊक आहे, एवढे सांगून ती कचेरी ऐकणारी नव्हती. तिच्यापुढे संस्कृत ग्रंथांतील उतारे, १९५३ मध्ये भारतीय वैद्यक-पत्रिकेत छापलेला निबंध, असे तीसहून अधिक दस्तऐवज ठेवावे लागले. जो पुरावा आपण परक्यांकडून हक्क परत घेताना दिला, तोच पुरावा आपल्या माणसाला औषध देताना मागणे, हे सुसंगतच होय.

वाशीमच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचे तात्पर्य काय? देशात २०२२-२३ मध्ये सव्वातीन लाख हेक्टरांवर साडेअकरा लाख टनांहून अधिक हळद पिकली, आणि जगाच्या उत्पादनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग भारताचा आहे. अशा मालाला रोगनाशक म्हणून जाहिरातीची झूल चढवल्याने काही व्यापाऱ्यांचे भले होईल, उत्पादकाचे होईलच असे नाही. लिलावात आजही भाव ठरतो तो मुख्यतः हळकुंडाच्या लांबीवर, ओलाव्यावर आणि पिवळेपणावर, आणि पिवळेपणाच्या या हव्यासानेच शिशाचा क्रोमेट हळदीच्या धंद्यात शिरला. बांगलादेशात या विषारी रंगाची भेसळ गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचे कारण ठरल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले, आणि तेथील सरकारने बाजारांवर कारवाई करून ती बरीच आटोक्यात आणली. ज्या वस्तूला लोक आरोग्यासाठी जवळ करतात तीच बालकांच्या मेंदूला अपाय करणारी ठरावी, याहून मोठी विटंबना नाही. बाजार समितीच्या तोलकाट्याशेजारी कर्क्युमिनचे प्रमाण आणि शिशाचा अभाव तपासणारी यंत्रणा बसली, आणि त्या दाखल्यावर भाव ठरला, तर औषधी गुणाच्या कीर्तीचा खरा मोबदला प्रथमच वावरापर्यंत पोचेल.

हळदीचा इतिहास पाहता तिची अवास्तव स्तुती ही जुन्यांची देणगी नसून अलीकडच्यांची आहे, असे दिसते. वाग्भटाने तिला यादीत स्थान दिले, तेही आवळ्याच्या जोडीने. सुश्रुताने तिच्याआधी चालणे, अल्पाहार आणि विहीर खणणे सांगितले. दोन शतकांच्या रसायनशास्त्राने आणि अर्धशतकाच्या प्रयोगांनी आज आपल्याला जवळजवळ त्याच ठिकाणी आणून सोडले आहे : हळद ही आहारातील गुणी वस्तू आहे, संशोधनास योग्य आहे, आणि साखरेच्या रोग्याला तिच्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. पैनगंगेकाठच्या ज्या शेतकऱ्याने विहीर खणून, नऊ महिने पाणी धरून हे पीक उभे केले, त्याने सुश्रुताच्या चिकित्सेतील कठीण भाग नकळत पार पाडला आहे. हळकुंड विकत घेणाऱ्या आपल्यासारख्या बैठ्या लोकांकडे मात्र त्यातील सोपा भाग तेवढा आला आहे, आणि सोप्याने कठिणाचे काम होईल अशी आशा धरणे, हाच या काळातील खरा अपथ्याचार होय.